घाटात टकटक: टायमिंग मागे घ्यायचं की महाग पेट्रोल भरायचं?

ठाण्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. घरात दोन गाड्या: वडिलांनी जपलेली १९९६ची प्रीमियर पद्मिनी आणि स्वतःची २०१८ची टर्बो पेट्रोल हॅचबॅक. पद्मिनी गायमुखच्या चढाला टकटक करते. एका मिस्त्रीने टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेतलं, आवाज गेला, पण गाडीची बैलगाडी झाली. दुसरा म्हणाला, शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाका, गप्प बसेल. आणि टर्बोला रिमॅप मारून घे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून घे, म्हणून मित्र मागे लागलेत. ‘नक्की काय करू?’

आधी उत्तर, मग त्यामागची कारणं. पद्मिनीला शंभर ऑक्टेन लागत नाही, आणि मिस्त्रीने टायमिंग मागे घेऊन दुखणं नुसतं झाकलंय. टर्बोला सध्या हात लावू नका, आधी ती आतून काय करतेय ते वाचा. दोन्ही गाड्यांना नियम एकच: टाकीत जे सगळ्यात वाईट पेट्रोल येऊ शकतं, त्यावर इंजिन लावायचं. महिन्यातून एकदा हौसेने भरलेल्या चांगल्या टाकीवर लावायचं नाही.

हा नियम मला टॅक्सीवाल्यांनी शिकवला. २००० नंतर काळ्या-पिवळ्या पद्मिन्या भराभर सीएनजीवर गेल्या, तेव्हा मी भांडुपला नुकतं स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. सीएनजीचं ऑक्टेन १२० च्या वर असतं आणि तो गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. म्हणजे त्याला ठिणगी लवकर द्यावी लागते. मी हौसेने टायमिंग पाच-सहा अंश पुढे केलं. गाडी गॅसवर काय पळायला लागली! गिऱ्हाईक खूष, मी त्याहून खूष. तीन आठवड्यांनी तोच टॅक्सीवाला परत आला. रात्री गॅसच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला म्हणून तो चार पॅसेंजर घेऊन पेट्रोलवर पनवेलपर्यंत गेला होता. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तर टकटकीने तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली पट्टी तुटलेली. चूक पूर्णपणे माझी. गाडीत दोन इंधनं आणि ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रीब्युटर एकच, हे मी विसरलो होतो. त्यानंतर सीएनजीची गाडी आली की मी पेट्रोलवर चढ चढवून टायमिंग लावायचो आणि गॅसवर दोन अंश कमी पडले तर पडू द्यायचो. नंतर इंधन बदललं की टायमिंगही बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्या, तो वेगळा विषय.

आता टकटक म्हणजे काय ते थोडक्यात. ठिणगी पडली की आग प्लगपासून कडेकडे पसरत जाते. एकदम भडका उडत नाही. जळलेला वायू फुगतो, तसं कडेला राहिलेलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. आग तिथे पोचायच्या आत ते आपणहून पेटलं, की दाबाची लाट धातूवर आपटते. तोच तुम्हाला ऐकू येणारा आवाज. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये किती दम आहे ते सांगत नाही, ते मिश्रण असं दाबून धरल्यावर किती तग धरतं ते सांगतो. म्हणून टकटक न करणाऱ्या इंजिनात जास्त ऑक्टेन ओतलं तर पिकअप वाढत नाही. पैसे तेवढे जातात.

आकड्यांचा एक घोटाळाही आत्ताच मिटवून टाकतो. आपल्याकडे पंपावर लिहितात तो आरओएन, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर. अमेरिकेतल्या पंपावर जो ८७ दिसतो तो आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) यांची सरासरी असते. आरओएन मोजताना चाचणीचं इंजिन ६०० आरपीएमवर आणि आत येणारी हवा ५२ अंशांवर असते. एमओएनला ९०० आरपीएम आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं, म्हणून तो आकडा कमी भरतो. तिकडचं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१-९२. परदेशी व्हिडिओ बघून ‘त्यांची गाडी ८७ वर चालते, माझी ९१ वर टकटक करते’ म्हणत दर महिन्याला कोणीतरी येतंच.

तुमची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा मुंबईच्या पंपावर शिसं घातलेलं ८७ आणि ९३ ऑक्टेन मिळत होतं. विनाशिसं पेट्रोल चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलमध्ये आलं, ते कॅटलिटिक कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी. १ फेब्रुवारी २००० पासून शिसं देशभर बंद झालं. बीएस-दोन (भारत स्टेज) या प्रदूषणाच्या नियमांच्या काळात साधं पेट्रोल ८८ होतं, पुढे ९१ झालं आणि आता २० टक्के इथेनॉलवालं ई२० आल्यावर सरकारी आकड्याप्रमाणे ९५. थोडक्यात, ज्या पेट्रोलसाठी ही गाडी बनली त्यापेक्षा आजचं साधं पेट्रोल ऑक्टेनने वरचं आहे. मग ती आज टकटक का करतेय? याचं उत्तर पंपावर सापडणार नाही, बॉनेटखाली सापडेल.

तीस वर्षांच्या गाडीचं हेड किती वेळा उतरलंय ते आधी वडिलांना विचारा. प्रत्येक वेळी गॅस्केट उडालं की हेड फेसिंगला जातं आणि कारागीर ‘जरासं’ घासतो. हिशेब करून बघा. या इंजिनाचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरची २७२ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, समजा ८ धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा जेमतेम ३९ सीसी. तीन-चार वेळा मिळून एक मिमी घासलं गेलं तर त्यातले सुमारे तीन सीसी जातात आणि रेशो साडेआठच्या वर सरकतो. त्यात पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये वर्षानुवर्षं बसलेला कार्बन जागा खातो तो निराळा. शिवाय कार्बन लाल होऊन स्वतःच ठिणगीचं काम करतो. चावी काढल्यावरही इंजिन दोन-चार झटके खात फिरत राहतं का तुमचं? तसं असेल तर आधी कार्बनवर संशय घ्या.

मग रेडिएटर तपासा, कारण इंजिन तापलं की टकटक वाढते. आणि हवाही बघा. मुंबईत राहून आपण एक गोष्ट विसरतो: हे शहर समुद्रसपाटीला आहे. इथे हवा सगळ्यात दाट, सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो आणि टकटकीचा धोकाही सगळ्यात जास्त. लोणावळ्याला पोचल्यावर गाडी आपोआप शांत होते. त्यात लोणावळ्याच्या थंड हवेचा वाटा आहे, तसा पातळ हवेचाही. उलट मे महिन्यात सायनच्या जॅममध्ये अर्धा तास उभं राहून, कार्बोरेटर हाताला चटका देईल इतका तापलेला, अशा अवस्थेत पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की खरी परीक्षा होते. पावसाळ्यात हवेतली वाफ टकटक दाबते. जुलैत टायमिंग लावून गाडी मस्त चाललीय असं वाटतं आणि एप्रिलमध्ये तीच गाडी कण्हायला लागते. मी जुलैत लावलेल्या गाडीला दोन अंश हातचे राखतो. गिऱ्हाईकाला त्याचं कारण सांगत बसत नाही, कारण सांगितलं की तो म्हणतो, ‘पुढे करा हो, मला पिकअप पाहिजे.’

आता टायमिंग. इथे जरा थांबतो, कारण नव्वद टक्के गडबड इथेच होते, आणि ती पेट्रोलच्या नावावर खपते.

पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रीब्युटरमध्ये उघडून ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा, गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटा केला की सगळं वाया, कारण गॅप बदलला की पॉइंट उघडायची वेळ बदलते. गॅप वाढला तर ठिणगी लवकर, कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजून गॅप कमी झाला तर उशिरा. मी फीलर गेज घालतो, साधारण ०.४ मिमी, आणि पॉइंटवर खड्डा-उंचवटा झाला असेल तर सरळ नवा टाकतो. घासलेल्या पॉइंटमध्ये फीलर खोटं बोलतं.

मग डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढून रोटर बोटाने फिरवून सोडा. तो स्प्रिंगच्या जोरावर झटकन परत यायला पाहिजे. खाली दोन वजनं असतात, स्पीड वाढला की ती बाहेर फेकली जाऊन ठिणगी पुढे नेतात, आणि दोन बारीक स्प्रिंगा त्यांना आवरून धरतात. तीस वर्षांत या स्प्रिंगा ढिल्या पडतात. मग जो ॲडव्हान्स अडीच-तीन हजार आरपीएमला यायचा तो दीड हजारालाच येऊन बसतो. आयडलला टायमिंग लाइट मारा, खूण बरोबर दिसते. मिस्त्री शपथेवर सांगतो की टायमिंग करेक्ट आहे. आणि टॉप गिअरमध्ये चढाला गाडी टकटक करते, कारण तिथे इंजिन नेमकं दीड-दोन हजारांवर असतं. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय याच स्प्रिंगांवर आहे. पहिल्या मिस्त्रीने संपूर्ण डिस्ट्रीब्युटर मागे फिरवला. त्यामुळे दीड हजारावरची टकटक गेली खरी, पण आयडल ते टॉप सगळीकडेच ठिणगी उशिरा पडायला लागली. बैलगाडी होणारच. शिवाय उशिरा पेटलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये उष्णता सोडतं आणि इंजिन जास्त तापतं. तापलं की पुन्हा टकटक. मिस्त्री अजून मागे घेतो. असं करत करत माझ्याकडे आलेली एक गाडी ठिणगी टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन वर पोचून खाली निघाल्यावर, टाकत होती. मालक दर महिन्याला ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतायचा.

या बाटल्यांबद्दल: बाटलीवर ‘३० पॉइंट’ लिहिलेलं असतं, पण बूस्टरवाल्यांचा एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दशांश. तीस म्हणजे फार तर तीन. काहींमध्ये लोखंडाचं किंवा मँगनीजचं रसायन असतं, त्याचा विटकरी थर प्लगच्या पोर्सिलेनवर बसतो आणि करंट तिथून गळतो. मी असे प्लग ड्रॉवरमध्ये ठेवलेत, गिऱ्हाईकाला दाखवायला.

स्प्रिंगा बदलल्या, कार्बन काढला, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठीक आहेत, मग टायमिंग रस्त्यावर लावायचं. पुस्तकातली खूण ही फक्त सुरुवात. इंजिन बदललंय, पेट्रोल बदललंय, ती खूण ज्या ८७ साठी कोरली ते आता मिळतही नाही. कधीकधी ई२०वर खुणेच्या एक-दोन अंश पुढे गाडी सुंदर चालते, हे मी बऱ्याच कार्बोरेटरच्या गाड्यांवर पाहिलंय. डिस्ट्रीब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडी एक अंश फिरवली की इंजिनाला दोन अंशांचा फरक पडतो. बॉडीचा व्यास साठ मिमी धरला तर एक अंश म्हणजे काठावर जेमतेम अर्धा मिमी. अंगठ्याच्या नखाने खूण करून नखाच्या जाडीएवढंच सरकवायचं. ‘थोडं फिरवलं’ म्हणणारे मिस्त्री चार-चार मिमी फिरवतात.

इंजिन पूर्ण गरम करून घ्या. गायमुखच्या चढाला टॉप गिअर, चाळीसचा स्पीड, गाडीत तीन माणसं, पाय पूर्ण खाली. अशा वेळी एक-दोन बारीक टिकटिक ऐकू येऊन बंद झाली तर टायमिंग काठावर आहे, तिथून दोन अंश मागे. सलग खडखड असेल तर ताबडतोब पाय काढा. अजिबात काही ऐकू आलं नाही तर एक टप्पा पुढे. घाट संपेपर्यंत हट्टाने दाबत राहू नका. टकटक ऐकून दहा सेकंद चढणारे ड्रायव्हर मी पाहिलेत आणि त्यांचे पिस्टनही. नंतर प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर टकटक झालीय, कान काहीही सांगो. चकचकीत ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

माझा स्वतःचा कान आता वरचे सूर सोडतो. म्हणून मी तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं केलंय, त्याला भोक पाडून ते ब्लॉकच्या बोल्टखाली आवळतो, नळीला रबरी होज लावून केबिनमध्ये घेतो आणि होजचं टोक कारखान्यात वापरतात त्या कानटोपीत घालतो. दोनशे रुपयांचा जुगाड. पण रस्त्याच्या गोंगाटातही टॅपेट (व्हॉल्व्हची खटखट) वेगळा ऐकू येतो आणि टकटक वेगळी. टॅपेटचा आवाज आयडललाही असतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येतो तो दुसरा.

ई२०चं दुसरं अंग कार्बोरेटरमध्ये दिसतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२०ला साडेतेरा. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो, म्हणजे मिश्रण सात-आठ टक्के पातळ. त्यामुळे सकाळी चोक जास्त वेळ लागतो, सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते, आणि लोक म्हणतात पेट्रोलमध्ये ऑक्टेन नाही. ऑक्टेन आहे, पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं ते जेट. जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असेल तर तो तीन-चार टक्के वाढवायचा, कारण वाहणारं इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं. ११० असेल तर ११५ बसवून बघा. बारीक ड्रिल घालून जेट मोठं करणारे महाभाग आहेत, त्यांच्या दुकानात पाऊल ठेवू नका. ॲव्हरेज थोडं पडणार ते पडणारच. लिटरमागे ई२०मध्ये ऊर्जाच सहा-सात टक्के कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई२०साठी न बनवलेल्या चारचाकींना ॲव्हरेजमध्ये तितकीच घट धरली होती.

आणि पावसाळ्यात गाडी उभी असते का? इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुन्या टाकीचं झाकण श्वास घेत असतं, अर्धी टाकी रिकामी, बाहेर जुलैची हवा. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं आणि वर जे पेट्रोल उरतं त्यातून ऑक्टेन देणारा भागच निघून गेलेला असतो. मूळ पेट्रोल सरकारी आकड्यानुसार ८४.४. इथेनॉल १०८.५. सप्टेंबरमध्ये गणपतीला गाडी काढली आणि अचानक टकटक सुरू झाली, तर टायमिंगला हात लावायच्या आधी काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढून तासभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी उपसा. पावसाळ्यात उभी ठेवायची गाडी टाकी फुल करून ठेवा, हवेला जागा कमी राहते. रबरी पाइप आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम मूळचा असेल तर तो या पेट्रोलवर फुगतो किंवा कडक होतो. तेही यातच बदलून घ्या.

टर्बोबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे ठरवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आहे. ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, तो ठरावीक सुराची थरथर ऐकतो आणि टकटक लागताच ठिणगी मागे घेतो. म्हणून तुम्हाला ती कधी ऐकू येत नाही, नुसती गाडी उन्हाळ्यात मंद वाटते. ईसीयूमधले आकडे वाचणारा ओबीडी रीडर लावा. रोजच्या पेट्रोलवर, गरम इंजिनावर, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार ते साडेचार हजार पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन टायमिंग आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान नोंदवून घ्या. हे एक्स्प्रेसवेवर गर्दीत करू नका. मग सलग दोन टाक्या साध्यापेक्षा जास्त ऑक्टेनचं प्रीमियम भरून पुन्हा तसंच. जागोजागी तीन-चार अंश वाढले तर त्या इंजिनाला चांगलं पेट्रोल वापरता येतं. आकडे तेच आले तर पैसे वाचवा. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा दिल्लीत १६० रुपये लिटर होतं. तेवढे पैसे ओतून ईसीयूने मागितलेच नाहीत असे अंश मिळत नाहीत. रिमॅपचं म्हणाल तर, जो ट्यूनर ‘फक्त शंभरच भरा’ अशी अट घालतो त्याला विचारा, नाशिकला जाताना कसाऱ्याच्या खाली टाकी संपली आणि पंपावर साधंच मिळालं तर मॅप काय करेल? उत्तर देताना तो लॉग, म्हणजे नोंदवलेले आकडे, दाखवायला लागला तर बसा. हसला तर उठा.

प्लगची उष्णताही जपा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, बॉशमध्ये उलट. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून काउंटरवर जे ठेवतो ते नंबर न बघता घेऊ नका.

पद्मिनीच्या कामात वडिलांना बरोबर घ्या. तीस वर्षं ते ही गाडी ऐकतायत, चढाला कोणता आवाज जुना आणि कोणता नवा हे त्यांना माझ्या नळीपेक्षा आधी कळेल. टायमिंग पक्कं झालं, बोल्ट आवळला की डिस्ट्रीब्युटर आणि ब्लॉक मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा आणि एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवा: तारीख, किती अंश, कोणत्या जेटवर, ई२०. पुढच्या सर्व्हिसला कोणीतरी मिस्त्री पुस्तकातल्या खुणेवर टायमिंग परत नेणार आहे, त्याच्यासाठी.